मेरिडाचा पोशाख शिवताना: आधी मुंढा, मग मोरपंखी रंग

पिक्सारच्या २०१२ सालच्या 'ब्रेव्ह' या अ‍ॅनिमेशनपटात मध्ययुगीन स्कॉटलंडच्या राजकन्येचे, म्हणजे मेरिडाचे, दोन पोशाख विशेष लक्षात राहतात. एक तिचा रोजचा गडद मोरपंखी झगा, ज्याच्या खांद्या-कोपरांतून आतला पांढरा सदरा डोकावतो. आणि दुसरा आईने बळेच घातलेला फिकट आभाळी समारंभी झगा, जो इतका घट्ट असतो की धनुष्य ताणताना त्याच्या शिवणी उसवतात. माय-लेकींचे सगळे भांडण या दोन झग्यांच्या बाह्यांत शिवलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच हा पोशाख तयार करताना रंग, किनार आणि केसांचा टोप यांच्याआधी मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे झग्याला जोडली जाते त्या खाचेचा, विचार करावा लागतो. पहिल्या झग्यात हात मोकळेपणाने मागे गेलाच पाहिजे आणि दुसऱ्यात तो अडलेला दिसला पाहिजे.

मी हा पोशाख प्रथम माझ्या भाचीसाठी शिवला, तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. कापड सुंदर मिळाले, रंग अचूक जमला, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिने धनुष्य उचलताच कमरेचा पट्टा थेट बरगड्यांपर्यंत वर सरकला. हात खाली घेतला तरी झगा खाली उतरेना. चूक कापडाची नव्हती, माझ्या बेतण्याची होती. ती कशी टाळायची हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

संदर्भासाठी कोणते चित्र घ्यावे

चित्रपटातील मेरिडा आणि नंतरच्या जाहिरातींतील मेरिडा या दोघींत फरक आहे. डिस्नेने २०१३ मध्ये तिला आपल्या राजकन्यांच्या मालिकेत घेताना जे नवे चित्र काढले, त्यात कंबर बारीक झाली, झगा चमचमता झाला आणि हातातले धनुष्य गायब झाले. त्यावर मोठी टीका झाली आणि मेरिडाची मूळ कल्पना जिची, त्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. तयार मिळणाऱ्या अनेक पोशाखांवर याच चमचमत्या चित्राची छाया असते, त्यामुळे त्यांवरून मापे किंवा तपशील उचलू नयेत. चित्रपट थांबवून थांबवून पाहावा आणि ती घोड्यावर असताना, चढताना व बाण सोडताना अशा तीन-चार चौकटींवरून बाहीचे कच्चे रेखाटन स्वतः करावे. उभ्या, शांत मेरिडाच्या चित्रावरून हा झगा समजत नाही.

ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह कितपत धरावा, हेही आधीच ठरवून टाकलेले बरे. चित्रपट कोणत्याही एका शतकाशी बांधलेला नाही, आणि त्यातील पुरुषांच्या अंगावरील चौकड्यांची वस्त्रे त्या रूपात बऱ्याच नंतरच्या काळातली आहेत. मेरिडाचा झगा मात्र मध्ययुगीन बेतण्याच्या पद्धतीने शिवला तर उत्तम बसतो, कारण ती पद्धत मुळात हालचाल आणि कापडाची काटकसर यांसाठीच घडलेली आहे.

कापड आणि रंग

मध्ययुगीन युरोपात असा झगा लोकरीचा आणि आतला सदरा लिननचा असे. तिथला निळा रंग वोड नावाच्या वनस्पतीपासून मिळे. तिच्यातले रंगद्रव्य आपल्याकडच्या निळीतलेच. त्या निळ्यावर वेल्ड या रोपाचा पिवळा चढवला की हिरव्याकडे झुकणारा निळा तयार होत असे. आपला मोरपंखी हा शब्द या छटेला चपखल बसतो, मात्र दुकानात 'मोरपंखी' मागितल्यावर जी झळाळती छटा पुढे येते ती घेऊ नये. मेरिडाचा मोरपंखी काळपट, शाईकडे झुकणारा आहे. कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावे. ट्यूबलाइटखाली निळा दिसणारा ताका उन्हात हिरवागार निघाल्याचा अनुभव मी घेतला आहे.

मुंबई-पुण्याच्या हवेत लोकर घालून दिवसभर वावरणे ही शिक्षाच आहे. पडद्यांसाठी मिळणारे जाड सुती केसमेंट किंवा वजनदार खादी यांचा पडाव लोकरीच्या जवळ जातो आणि घामही शोषला जातो. सॅटिन, वेल्वेट आणि कृत्रिम क्रेप पहिल्या झग्यासाठी टाळावेत. हा कपडा जंगलात हुंदडणाऱ्या मुलीचा आहे. थंड देशात राहणाऱ्या वाचकांनी मध्यम वजनाची लोकर अवश्य घ्यावी. सुती कापड असेल तर ते कापण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात एकदा आणि साध्या पाण्यात दोनदा धुवावे. कापड आटायचे तेवढे आटून जाते, आणि रंग सुटत असेल तर तो पांढऱ्या सदऱ्यावर उतरण्याआधी बादलीत दिसतो.

३६ इंच छाती आणि सव्वापाच फूट उंची यांसाठी ४४ इंच पन्ह्याचे चार मीटर कापड पुरते. आटणे धरून मी साडेचार मीटर घेते. आतल्या सदऱ्यासाठी तीन मीटर पांढरी मलमल, आणि आधी करून पाहायच्या कच्च्या झग्यासाठी स्वस्त मांजरपाट लागेल.

मापे आणि मांजरपाटाचा कच्चा झगा

छाती, कंबर, खांदा आणि खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची ही मापे नेहमीसारखीच घ्यावीत. बाहीची लांबी मात्र कोपर काटकोनात वाकवून, खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटापर्यंत मोजावी. सरळ हातावर मोजलेली बाही धनुष्य धरताना मनगटापासून दोन-तीन बोटे वर चढते.

आता मुंढा. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खोल ठेवावा, असे बहुतेकांना वाटते, मलाही वाटत होते, आणि नेमके तिथेच गणित चुकते. मुंढा काखेपासून तीन-चार इंच खाली असला की हात उचलताना बाही बगलेच्या शिवणीला धरून अख्खा झगा वर ओढते. तोच मुंढा काखेच्या घडीपासून जेमतेम अर्धा ते पाऊण इंच खाली ठेवला, तर हात वर जातो आणि अंगावरचा झगा जागच्या जागी राहतो. उरलेली सैलाई बगलेत चौकोनी तुकडा घालून द्यायची. कळीदार कुर्ता शिवणारे कारागीर याला चौबगला म्हणतात; युरोपातील मध्ययुगीन सदऱ्यांतही अगदी हाच चौकोन असतो.

त्या काळच्या शिंप्यांना हे तंत्र किती नेमके समजले होते, याचा एक पुरावा फ्रान्समधील लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. १३६४ मध्ये लढाईत मारल्या गेलेल्या शार्ल द ब्ल्वा या सरदाराचा म्हणून ओळखला जाणारा तो अंगरखा आहे. त्याचा मुंढा छातीत आणि पाठीत खोल शिरतो, पण काखेत उंचच राहतो आणि बाहीला कळ्या, म्हणजे त्रिकोणी तुकडे, जोडलेल्या आहेत. मेरिडासाठी इतकी कसरत करण्याची गरज नाही, चौबगला पुरेसा आहे.

मांजरपाटाचा कच्चा झगा फक्त कमरेपर्यंत, एका बाहीसह, मशीनच्या सर्वांत लांब टाक्याने शिवावा. तो सदऱ्यावर घालून कमरेला नाडी बांधावी आणि नाडीच्या कडेवर खडूने रेघ मारावी. मग डावा हात पुढे ताठ धरून उजवा हात हनुवटीपर्यंत मागे खेचावा, म्हणजे प्रत्यंचा ओढल्याचा आविर्भाव करावा, आणि हीच क्रिया दहा वेळा करावी. खडूची रेघ नाडीपासून अर्ध्या इंचापेक्षा जास्त वर गेली, तर मुंढा अजून खोल आहे किंवा चौबगला लहान आहे. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध कापड ताणले जात असेल तर मागच्या भागाची रुंदी अर्धा इंच वाढवावी. हे जमेपर्यंत मोरपंखी कापडाला कात्री लावू नये.

बेतणे

पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २२ इंच रुंद ठेवावा. ३६ छातीला चार इंच सैलाई धरली की घेर ४० येतो, त्याचा निम्मा २०, आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड. ४४ इंची पन्ह्यात हे दोन्ही भाग शेजारी शेजारी नेमके बसतात; लांबी ५६ इंच घ्यावी. कमरेपाशी बगलेच्या शिवणी दीड इंचाने आत घ्याव्यात आणि माया मात्र कापून टाकू नये, कारण पोशाख पुढच्या वर्षीही घालायचा असतो.

खालचा घेर कळ्यांतून मिळतो. ग्रीनलंडमधील हेरयोल्फ्सनेस येथील दफनभूमीत पोल नॉर्लुंड यांना १९२१ च्या उत्खननात मध्ययुगीन लोकरी झगे सापडले, त्यांतले बरेच आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि त्यांचा ऐसपैस घेरही अशाच त्रिकोणी कळ्या जोडून साधलेला आहे. आपल्याला चार कळ्या लागतील: दोन बगलांत, एक पुढे मधोमध आणि एक मागे. प्रत्येक कळीसाठी ११ इंच रुंद आणि ४० इंच लांब आयत घेऊन तो कर्णरेषेवर कापावा आणि त्याचे दोन त्रिकोण सरळ कडेने जोडावेत. इथे एक खोच आहे. एका आयतातून निघालेले दोन त्रिकोण आरशातल्यासारखे उलटसुलट नसतात, एकाच दिशेचे असतात. जोडताना त्यातला एक पालथा करावा लागतो. कापडाला सुलटी-उलटी बाजू असेल तर मग अर्धी कळी वेगळी दिसते. त्यावर उपाय असा की कापडाची सुलटी बाजू आत ठेवून घडी घालावी आणि दोन आयत एकावर एक एकदमच कापावेत, म्हणजे जोड्या आपोआप जुळतात.

कळीची तिरपी कड झग्याच्या सरळ कडेला जोडावी. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण लोंबते. पुढच्या आणि मागच्या कळीसाठी कमरेखाली चीर द्यावी लागते आणि तिच्या टोकाला कापड फाटण्याची भीती असते, म्हणून आतून पातळ फ्यूजिंगचा रुपयाएवढा तुकडा आधी इस्त्रीने चिकटवून मगच चीर द्यावी. अशा रीतीने खालचा घेर तीन मीटरच्या आसपास येतो, आणि धावताना तो मागे उडतो.

चौबगल्यासाठी पाच इंचांचे दोन चौकोन उरलेल्या तुकड्यांतून निघतात. चौकोनाचे एक टोक बाहीच्या शिवणीकडे आणि समोरचे टोक बगलेच्या शिवणीकडे येते. शिवताना प्रत्येक टोकाच्या अर्धा इंच अलीकडे थांबावे, सुई कापडातच रुतवून ठेवावी, मशीनचा पाय उचलून कापड वळवावे आणि मग पुढची बाजू घ्यावी. घाई केली की इथे हटकून चुणी येते.

खांद्या-कोपरातील फटी

मेरिडाच्या बाहीतून डोकावणारा पांढरा फुगा ही या पोशाखाची खूण आहे. बहुतेक जण झग्याला वरून पांढरे ठिगळ लावतात आणि ते दुरूनही ठिगळच दिसते. फट खरी असली पाहिजे.

बाही कोपराच्या रेषेवर आडवी कापून दोन तुकडे करावेत. हे तुकडे कोपराच्या आतल्या, म्हणजे लवणीच्या बाजूला फक्त एक-तृतीयांश घेरात जोडावेत. बाहेरची दोन-तृतीयांश कड मोकळी ठेवावी. हात सरळ असताना ही फट जेमतेम बोटभर दिसते आणि कोपर वाकवला की अडीच इंच उघडते. बाही वाकताना आवळत नाही ती यामुळेच. मोकळ्या कडांना त्याच कापडाची दीड इंची पट्टी आतून लावून उलटवावी, इंटरलॉक करून सोडू नये, कारण फट उघडल्यावर आतली बाजू सगळ्यांना दिसते.

आतला सदरा त्या फटीतून हवा तसा फुगून बाहेर येईल, या भरवशावर राहता येत नाही. तासाभरात तो दंडावर गोळा होतो. म्हणून मलमलीचा १२ इंच बाय ६ इंचांचा तुकडा घ्यावा, त्याच्या लांब कडांना धावदोरा घालून चुण्या पाडाव्यात आणि तो आतल्या पट्टीला हाताने टाचावा. खांद्यावरही बाहीच्या माथ्याशी पाचेक इंचांची फट ठेवून हेच करावे. फुगा फटीपेक्षा किंचित मोठा असावा, पण कणकेच्या गोळ्यासारखा बाहेर लोंबू नये.

गळा रुंद ठेवून झगा डोक्यावरून घालता येतो. कमर फार घट्ट हवी असेल तर डाव्या बगलेत लपवलेली चेन लावावी. खालची दुमड घालण्याआधी झगा पूर्ण दिवस टांगून ठेवावा. कळ्यांच्या तिरप्या कडा या वेळात खाली उतरतात, आणि मगच जमिनीपासून समान अंतरावर खडू मारून हेम करावे. ताज्या शिवलेल्या झग्याला लगेच दुमड घातली तर आठवड्याने तो चार ठिकाणी झोळ खातो.

तयार झगा कोराकरकरीत दिसतो. कोपरांवर आणि खालच्या कडेवर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवावा, एवढेच पुरे. चहाचे डाग आणि चिखलाचे शिंतोडे उडवण्याच्या भरात राजकन्येची भिकारीण होऊ देऊ नये.

केस

चित्रपटासाठी पिक्सारच्या चमूने मेरिडाच्या सुमारे १,५०० बटा स्वतंत्रपणे घडवल्या आणि त्यांतून १,११,००० च्या आसपास केस संगणकावर उभे केले. आपल्या तीनशे ग्रॅमच्या टोपाने तेवढे साधणार नाही, पण त्यातले मर्म घेता येते. या केसांत एकसारखी बट कुठेच नाही. नुसता लालभडक टोप प्लॅस्टिकचा दिसतो. तांबूस रंगाचा कुरळा टोप घेऊन त्यात नारिंगी आणि विटकरी रंगाच्या कृत्रिम केसांच्या पट्ट्या आतून हाताने टाचाव्यात.

जोडलेल्या पट्ट्या सरळ असतील तर त्या टाचण्यापूर्वी काही पेन्सिलींवर आणि काही जाड मार्करवर गुंडाळून दोऱ्याने बांधाव्यात, त्यांवर कडकडीत, पण उकळी खाली बसलेले पाणी ओतावे आणि रात्रभर सुकू द्यावे. पाण्याची धग एका छोट्या बटेवर आधी तपासावी, कारण हलक्या प्रतीचे तंतू आक्रसतात. सुकल्यावर बटा बोटांनीच सोडवाव्यात. कंगवा फिरवला की कुरळेपणाचा कापूस होतो, आणि तो परत येत नाही. स्वतःच्या केसांच्या दोन सपाट वेण्या डोक्याभोवती पिनांनी बसवून त्यावर जाळीची टोपी, आणि तिच्यावर टोप अशी रचना केली तर एवढे वजन दिवसभर टिकते.

पट्टा, भाता, धनुष्य

यात फार वेळ घालवू नये. दीड इंची चामड्याचा पट्टा आणि त्याला कमरेवर अडकवलेला भाता पुरतो. धनुष्यासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी नळीला हीट गनच्या धगीने बाक द्यावा आणि वरून सुतळी व तपकिरी रंग चढवावा. दोरी सैल बांधावी, बाणांची टोके फोमची ठेवावीत आणि कार्यक्रमाचे शस्त्रविषयक नियम आधी वाचावेत. खरे धनुष्य वापरणार असाल, तर बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडू नये. धनुष्य त्यानेच फुटते.

आभाळी झगा आणि त्याचे उसवणे

दुसरा झगा पहिल्याच्या नेमका उलटा बेतायचा. फिकट आभाळी कच्चे रेशीम किंवा ड्युपियन घ्यावे, गळ्याला आणि मनगटाला सोनेरी किनार लावावी. ही किनार जुन्या साडीच्या जरीकाठातून काढली तर तयार लेसपेक्षा कितीतरी सरस दिसते, फक्त त्यात कोयऱ्या किंवा मोर नसावेत. सैलाई चारऐवजी दीड इंच ठेवावी, चौबगला गाळावा, आणि अस्तर सुती घालावे. मागे नाडीने आवळायचे असेल तर फुलीच्या वीणेऐवजी एकाच नाडीने नागमोडी ओवावे. मध्ययुगीन चित्रांत नाडी बहुधा बगलेत किंवा पुढे दिसते, पण पाठीवरची नाडी मंचावर अधिक उठून दिसते आणि इथे मी दिसण्याला झुकते माप देते.

डोक्यावरचे पांढरे वस्त्र मलमलीच्या दोन तुकड्यांचे करावे: एक पट्टी हनुवटीखालून माथ्यावर नेऊन पिनेने बांधायची, आणि एक मीटरचा चौकोन तिच्यावरून सोडून सोनेरी कड्याने दाबायचा. याखाली कुरळा टोप मावत नाही, तो प्रयत्नच करू नये. स्वतःचे केस बांधून, कपाळाशी एकच तांबडी बट चिमट्याने लावावी. समारंभात मेरिडा ती बट मुद्दाम बाहेर काढते, आई ती आत खोचते आणि मेरिडा ती पुन्हा ओढते. पोशाख ओळखीचा होण्यासाठी एवढी बट पुरते.

उसवण्याची सोय शिवतानाच करून ठेवावी. खांद्याच्या मागच्या शिवणी, कोपर आणि पाठीची वरची वीतभर शिवण पक्की न घालता, दोन्ही कडा स्वतंत्रपणे दुमडून पूर्ण कराव्यात आणि दर दोन इंचांवर वेल्क्रोचे अर्ध्या इंचाचे चौकोन लावावेत. टिचबटणेही चालतात, पण वेल्क्रो सुटताना कापड टरकन फाटल्यासारखा आवाज येतो आणि प्रेक्षक दचकतात. आत पांढरा सदरा हवाच, आणि त्याला मात्र चौबगला द्यावा. वेल्क्रोची खरखरीत बाजू सदऱ्याकडे येऊ देऊ नये, नाहीतर मलमलीचे धागे ओढून निघतात. आरशासमोर एकदा प्रत्यंचा ओढून पाहावी: आधी खांदा, मग कोपर आणि शेवटी पाठ अशा क्रमाने शिवण सुटली तर वेल्क्रोचे चौकोन बरोबर बसले आहेत. पाठ आधी सुटली तर तिथे एक चौकोन वाढवावा आणि खांद्यावरचा एक काढून टाकावा.